योगाने इम्युनिटी वाढते का? देवासची एक गोष्ट, धारचे एक दुखणे आणि आजवरचे संशोधन

जून उजाडला की आमच्या माळव्यात दोन गोष्टी हटकून सुरू होतात. एक पावसाची वाट बघणे आणि दुसरी २१ तारखेची तयारी. संयुक्त राष्ट्रांनी ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव केला, २०१५ पासून आंतरराष्ट्रीय योग दिवस सुरू झाला, आणि आता देवास असो की धार, सकाळी सहाला सतरंज्या अंथरलेल्या असतातच. माइकवरून सांगणारे एक वाक्य मात्र कधी चुकवत नाहीत: योग करा, इम्युनिटी वाढेल. कोरोनाच्या काळात हे वाक्य घराघरात गेले. मार्च २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी सूचना काढल्या, त्यात हळदीचे दूध, काढा, च्यवनप्राश यांच्या जोडीला रोज तीस मिनिटे योगासने, प्राणायाम आणि ध्यान होते.

मी कॉमर्सचा माणूस, डॉक्टर नाही. पण बेळगाव-निपाणीपासून बऱ्हाणपूर-देवासपर्यंतचे वाचक हा प्रश्न विचारत असतात, म्हणून जमेची आणि खर्चाची अशा दोन्ही बाजू तपासून इथे मांडतो. थोडक्यात उत्तर असे की योगाचा प्रतिकारयंत्रणेवर परिणाम होतो, पण तो लोक समजतात तिथे होत नाही आणि तेवढा तर मुळीच नाही.

"वाढते" या शब्दातच घोळ आहे

इम्युनिटी म्हणजे बँकेतली शिल्लक नव्हे, की जितकी वाढेल तितके बरे. तो शेकडो प्रकारच्या पेशींचा आणि रसायनांचा कारभार आहे. जंतू शिरला की काही पेशी धावून जातात, सूज आणतात, ताप चढवतात. दुसऱ्या काही पेशी आठवण ठेवून अँटिबॉडी तयार करतात. तिसऱ्या काही ही लढाई वेळेत थांबवतात, आणि थांबवणे हेही तितकेच महत्त्वाचे असते. ते जमले नाही की दमा, संधिवात, ॲलर्जी असली दुखणी मागे लागतात. कोरोनातले कित्येक गंभीर रुग्ण विषाणूइतकेच स्वतःच्या शरीराच्या अनावर प्रतिक्रियेमुळे अत्यवस्थ झाले, हे आपण सगळ्यांनी पाहिले. क्षयरोगातही फुप्फुसाला जी पोकळी पडते, ती जंतू एकटा पाडत नाही. जंतूला कोंडून मारण्याच्या नादात शरीर आपलेच मांस जाळते.

योगावरच्या अभ्यासांत सगळ्यात ठळक निष्कर्ष याच बाबतीतला आहे. योगाने फौज वाढल्याचे फारसे दिसत नाही, रेंगाळलेली सूज कमी झालेली दिसते. २०१८ साली फाल्केनबर्ग आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले १५ अभ्यास एकत्र तपासले. सूज वाढवणाऱ्या रसायनांपैकी इंटरल्युकिन-१ बीटा योग करणाऱ्यांत कमी झाल्याचा कल त्यांना सर्वांत सातत्याने दिसला. इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा यांच्याबाबत तशा खुणा होत्या, पण पक्के म्हणण्यासारखे नव्हते. आणि परिणाम दिसायला बरेच आठवडे सराव लागतो, असेही त्यांनी नोंदवले.

अमेरिकेत ओहायोला जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांचे काम या विषयात बरेच वाखाणले जाते. त्यांनी २०१० साली ५० बायकांची तुलना केली, २५ मुरलेल्या आणि २५ नवशिक्या. नवशिक्यांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ हे ४१ टक्के जास्त निघाले. पण एकदा योग करून लगेच रक्त तपासले तर सूज कमी झालेली नव्हती. म्हणजे २१ जूनच्या एका सकाळने काही होत नाही, हे उघडच आहे. चार वर्षांनी त्यांनी स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या २०० बायकांवर प्रयोग केला, यावेळी चिठ्ठ्या टाकून. बारा आठवडे योगवर्ग झाला. वर्ग संपला त्या दिवशी दोन्ही गटांच्या रक्तात फरक नव्हता, तो तीन महिन्यांनी दिसला: सूजेची रसायने कमी आणि थकवाही बराच कमी. हे वाचून मला आमच्या आजीचे पापड आठवले. घातल्या दिवशी तळून बघायचे नाहीत.

हे घडते कसे, याचा अंदाज आता बऱ्यापैकी बांधता येतो. ताण लांबला की कॉर्टिसोलचे तंत्र बिघडते आणि सूज मंद आचेवर शिजत राहते. संथ श्वासाने, विशेषतः उच्छ्वास लांबवला की, व्हेगस नावाची नस कामाला लागते. ही नस मेंदूपासून हृदय, फुप्फुसे, आतडी इथवर जाते. तिच्या संदेशाने टीएनएफ कमी होऊ शकते, हे केविन ट्रेसी यांच्या गटाने प्राण्यांवरच्या प्रयोगांत २००० सालानंतर दाखवून दिले. झोपेचा भाग वेगळाच. अमेरिकेत १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू थेंबाने घातला, तेव्हा रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सात तासांच्या वर झोपणाऱ्यांपेक्षा सर्दी होण्याची शक्यता चौपट निघाली. योगाने ज्याला शांत झोप लागते, त्याचा निम्मा फायदा या वाटेने होत असेल, असे मला वाटते.

आता कोणी म्हणेल, रक्तातले आकडे राहू द्या, माणूस आजारी कमी पडतो का ते सांगा. प्रश्न रास्त आहे, पण त्यावरचे अभ्यास थोडे आहेत. विस्कॉन्सिनमध्ये पन्नाशीपुढच्या १४९ माणसांवर २०१२ साली एक अभ्यास झाला. तो ध्यानाचा होता, आसनांचा नव्हे. एका गटाने ध्यान केले, एकाने व्यायाम, एकाने काहीच नाही. हंगामभरात सर्दी-खोकल्याने आजारी असल्याचे दिवस मोजले: ध्यानवाले २५७, व्यायामवाले २४१, काहीच न करणारे ४५३. आकडे छान आहेत. पण पुढे जास्त माणसांवर पुन्हा तोच अभ्यास केला तेव्हा फरक दिसला तरी खात्रीने सांगण्याइतका ठळक राहिला नाही. आणि एक बाब बघा, पायी चालणारा-पळणारा गट ध्यानाच्या गटाच्या मागे नव्हता.

देवासची गोष्ट

आता घराजवळचे. प्रतिकारशक्ती, श्वास आणि फुप्फुस या तिन्हींची गाठ पडलेले एक नाव देवासात आहे, कुमार गंधर्व. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. म्हणजे सीमाभागाचा मुलगा आणि माळव्याचा रहिवासी, आपल्या वाचकांना दोन्हीकडून जवळचा. लहानपणीच गाजलेला हा गवई १९४७ साली लग्न करतो आणि त्याच सुमाराला क्षयाने पडतो. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ साली तो देवासला आला. त्याच वर्षी देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. गाणे डॉक्टरांनी बंद केले होते. पुढची वर्षे अंथरुणावर गेली. शुश्रूषा पत्नी भानुमतीबाईंनी केली.

या वर्षांत कुमारांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली आणि शीलनाथ महाराजांच्या धुनीवरची नाथपंथी भजने त्यांच्या मनात रुजली, हे सर्वश्रुत आहे. नाथपंथ म्हणजे हठयोग्यांचाच पंथ. त्यामुळे देवासात कधीकधी ही गोष्ट अशी सांगितली जाते की हवा, साधना आणि श्वासाचा अभ्यास यांनी ते बरे झाले. ऐकायला गोड आहे. पण त्यांना वाचवले ते स्ट्रेप्टोमायसिनने. १९५२ च्या सुमारास हे औषध मिळाले, १९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले. एक फुप्फुस कायमचे निकामी झाले होते. तुकड्यातुकड्यांनी, झटक्याने येणारी त्यांची गायकी त्या श्वासाच्या हिशेबातून आली असे अनेक जाणकार म्हणतात. त्यावर वाद घालणारेही आहेत आणि तो वाद माझ्या आवाक्यातला नाही.

या औषधाने नेमके काय बदलले हे कुमार देवासला आले त्याच १९४८ सालच्या एका ब्रिटिश अहवालात नोंदलेले आहे. १०७ क्षयरोग्यांचे दोन गट केले. ५२ जणांना नुसती अंथरुणावर विश्रांती, ५५ जणांना विश्रांती आणि स्ट्रेप्टोमायसिन. सहा महिन्यांत पहिल्या गटातले १४ दगावले, दुसऱ्यातले ४. तोवर विश्रांती, हवा आणि खुराक म्हणजेच उपचार होता. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी सॅनेटोरियमे त्याच विश्वासावर उभी होती, आणि शरीराला स्वतः लढायला वेळ मिळत असे हेही खरे. पण जंतू मारणारे हाती आले तेव्हा फरक असा स्वच्छ दिसला.

पुढचा धक्का मद्रासने दिला. तिथे १९५६ साली सुरू झालेल्या केंद्रात क्षयरोग्यांचे दोन भाग केले. अर्धे सॅनेटोरियममध्ये, चांगले जेवण आणि आराम. अर्धे आपल्या गर्दीच्या घरात, कमी जेवणावर, कामधाम करत. औषधे दोघांना तीच. वर्षभराने दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झालेले होते. १९५९ सालच्या या अहवालानंतर जगभर सॅनेटोरियमांची गरज संपत गेली.

मग क्षयात योगाचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण जोडीला. बंगळूरच्या एका क्षयरोग रुग्णालयात विश्वेश्वरय्या आणि शर्ली टेलीस यांनी ७३ रुग्णांवर दोन महिने प्रयोग केला. त्याचा अहवाल २००४ साली आला. एका गटाने योग केला, दुसऱ्याने नुसते शांत बसून श्वासाकडे लक्ष दिले. योगवाल्यांचे वजन जास्त वाढले, लक्षणे लवकर ओसरली, फुप्फुसाची ताकद सुधारली. मात्र क्षयाची औषधे दोन्ही गटांतला प्रत्येक जण घेत होता. बातम्यांमधून नेमकी हीच ओळ गळते.

ही ओळ गळाली की काय होते ते आमच्या घरात घडले आहे. धारचे आमचे मामा, खोकला सुटला, वजन धरले, म्हणून दुसऱ्या महिन्यानंतर गोळ्या बंद करून बसले. सकाळी कपालभाती जोरात चालू. आईने विचारले तर म्हणाले, "ताई, आता दवाई कशाला? अंदरूनी ताकद आली ना!" पाच महिन्यांनी पुन्हा रक्त पडले, आणि दुसऱ्यांदा सगळे पहिल्यापासून करावे लागले, जास्त लांबीचे आणि जास्त त्रासाचे. मामा सुधारले. प्राणायाम अजून करतात, पण गोळ्यांचा विषय निघाला की मान खाली घालतात. बरे वाटणे आणि बरे होणे यांत चार महिन्यांचे अंतर असते. औषध अर्धवट सोडले की उरलेले जंतू त्याच औषधाला दाद न देणारे होऊ शकतात.

पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांचे उदाहरण याच्या उलट बाजूने दिले जाते. १९१८ सालचा जन्म, लहानपण मलेरिया, टायफॉइड आणि क्षयाने पोखरलेले. म्हैसूरला मेहुण्यांकडे, कृष्णमाचार्यांकडे, योग शिकले, १९३७ साली पुण्यात आले आणि ९५ वर्षे जगले. अशक्त मुलगा योगाने धट्टाकट्टा झाला हे कोणी नाकारत नाही. पण एका माणसाच्या आयुष्यावरून औषधाचा हिशेब मांडता येत नाही. त्या काळात औषधाविना बरे न झालेल्यांनी पुस्तके लिहिली नाहीत.

या बाबतीत मला लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांचा बाणा आवडतो. मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. खानदेशात अमळनेरला शिकवत होते. १९२४ साली त्यांनी कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक. नौली, उड्डियान करताना पोटात दाब किती पडतो हे त्यांनी यंत्र लावून मोजले, क्ष-किरणाखाली पाहिले. प्राणायामाने शरीराला भरपूर जास्त ऑक्सिजन मिळतो हा लोकांचा लाडका समज त्यांनी मोजमाप करून बाजूला ठेवला, आणि प्राणायामाचे मोल मज्जासंस्थेशी जोडले. शंभर वर्षांनी व्हेगसवरचे संशोधन त्याच दिशेला बोट दाखवते. योगावर इतकी श्रद्धा असलेला माणूस योगाबद्दलची चूक दुरुस्त करतो, ही गोष्ट आजच्या माइकवाल्यांना कोणी तरी सांगायला हवी.

धारचे दुखणे

देवासहून धार फार लांब नाही. दोन्हीकडे पवारांचीच घराणी. पण धार जिल्ह्याचा मोठा भाग भिल्ल-भिलाल्यांचा, आणि तिथली फुप्फुसांची कहाणी वेगळी. धार, झाबुआ, अलीराजपूरचे मजूर गुजरातेत गोध्रा, बालासिनोरच्या बाजूला गारगोटी दगड दळणाऱ्या कारखान्यांत जात. ती बारीक पांढरी पूड काच बनवायला लागते. तीच पूड श्वासाबरोबर आत गेली की सिलिकोसिस होतो.

हा आजार इथे सांगण्याचे कारण म्हणजे तो प्रतिकारयंत्रणेवरच घाव घालतो. फुप्फुसात मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात. धूळ, जंतू, जे येईल ते गिळून टाकणे त्यांचे काम. सिलिकाचा कण त्या गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी फुटते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी तो गिळते. प्रत्येक वेळी सूज आणि मागे वण. क्षयाचा जंतू रोखणाऱ्या पेशीही याच, म्हणून सिलिकोसिसच्या माणसाला क्षय होण्याचा धोका कितीतरी पट वाढतो. झालेला वण घालवणारे औषध नाही. प्राणायामाने तो कण बाहेर निघत नाही. हळुवार श्वासाच्या व्यायामाने दम लागणे थोडे सुसह्य होते, इतकेच. या मजुरांच्या प्रकरणात राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने आणि पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मृत २३८ जणांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचे आदेश दिले. ज्यांच्या कारखान्यात धूळ बसवायला पाणी मारले असते, बंदिस्त यंत्रे लावली असती, त्यांचे मजूर वाचले असते. अशा ठिकाणी "इम्युनिटी वाढवा" हा सल्ला मला चीड आणतो.

पोटाचेही तसेच. झारखंडात २०१९ ते २०२२ या काळात क्षयरोग्यांच्या घरच्यांवर एक मोठा अभ्यास झाला. एका गटातल्या कुटुंबीयांना माणशी दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि खोकल्यातून पसरणारा प्रकार तर ४८ टक्क्यांनी. योगावरच्या कुठल्याही अभ्यासात आजार टाळण्याचा इतका मोठा आणि स्पष्ट आकडा मी वाचलेला नाही. डाळ-तांदळाने प्रतिकारशक्ती वाढते हे सांगायला मंडप लागत नाही, म्हणून बहुतेक कोणी सांगत नसावे.

करणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी

योग करत असाल तर सोडू नका. रोज थोडा, झेपेल तेवढा आणि महिनोन्महिने. रविवारी दोन तास आणि आठवडाभर सुट्टी याचा उपयोग नाही. सूज, झोप, ताण यांवर जो काही परिणाम आहे तो सातत्याचा आहे. सांधेदुखी, मधुमेह, ताणाने झोप उडालेली माणसे, कर्करोगाच्या उपचारानंतर थकलेली माणसे, यांना त्याचा फायदा जास्त जाणवण्यासारखा आहे.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे यांपैकी काही असेल तर आधी थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे दोन्ही फुकट आहेत. निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी मिळणारे पैसे २०१८ साली महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत, ते खात्यात जमा होतात का हे बघत राहा. थुंकीत जंतू असेपर्यंत बंद हॉलमधल्या वर्गाला जाऊ नये. कपालभाती-भस्त्रिकेत जोराने सोडलेला श्वास शेजारच्या सतरंजीवर जातो. ज्यांना रक्त पडते, रक्तदाब जास्त आहे किंवा हर्निया आहे, त्यांनी ही जोराची प्रकरणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. अनुलोम-विलोम किंवा भ्रामरी संथपणे करायला सहसा हरकत नसते.

जलनेती करणाऱ्यांनी नळाचे किंवा बोअरचे पाणी थेट नाकात घेऊ नये. उकळून कोमट केलेलेच घ्यावे. पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो, क्वचित जातो, पण गेला की फार थोडे वाचतात. संधिवातासाठी किंवा अवयव बदलल्यानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी "आता योगाने भागेल" म्हणून त्या स्वतः कमी करू नयेत. आणि दगड दळणे, कापणे, ग्राइंडिंग असल्या कामावर राहिलेल्यांनी डॉक्टरकडे गेल्यावर आधी कामाचे सांगावे, खोकल्याचे नंतर. सिलिकोसिसचा एक्स-रे क्षयासारखा दिसू शकतो, आणि काम विचारले नाही तर वर्षानुवर्षे क्षयाच्याच गोळ्या चालू राहतात.